दुसऱ्या बेसवर उभा

‘मग हा मधेच उभा राहिलेला? ह्याचं काय?’

आईने मागून विचारलं आणि सुखदाचं बोट की-बोर्डवर होतं तिथेच राहिलं. पडद्यावर बेसबॉलच्या सामन्यातला डाव संपला होता. तिसरा गडी बाद झाल्याबरोबर दोन्ही संघांची माणसं आपापल्या बाजूला पळत सुटली होती आणि दुसऱ्या बेसवर पोचलेला मरेरो नावाचा तो उंच, सावळा खेळाडू एकटाच कमरेवर हात ठेवून उभा होता. तसा फार वेळ नाही. श्वास घेऊन सोडावा इतकाच. मग त्याने हेल्मेट काढलं, आत काही राहिलंय का असं त्यात डोकावून पाहिलं आणि मान खाली घालून तो चालत निघून गेला. ‘काही नाही गं आई,’ सुखदा म्हणाली, ‘इनिंग संपली. त्याचं काही होत नाही.’ ‘काही नाही म्हणजे?’ ‘म्हणजे त्याची धाव धरत नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.’ ‘अगं, पण दोन ठाणी करून आलाय ना तो बापडा?’ ‘आला असेल. घरी पोचला नाही ना.’ आई म्हणाली, ‘बरं.’

हे ‘बरं’ सुखदाच्या ओळखीचं होतं. तासगावहून ऑकलंडपर्यंत फोनच्या तारेतून ते मागचं सगळं वर्षभर तिच्या कानात पडत आलं होतं. त्या एका शब्दावर आई दार ओढून घ्यायची. आत काय आहे ते बाहेरच्याला दिसू नये, पण दार आपटल्याचा आवाजही होऊ नये, अशा बेताने. सुखदा पुन्हा पडद्याकडे वळली. बाहेर पेनरोजच्या त्या गोदामांच्या रस्त्यावर एक ट्रक मागे मागे येत होता आणि त्याची पिपाणी एका लयीत वाजत होती. शनिवार असल्यामुळे ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. घरी आईला एकटं कशाला ठेवायचं म्हणून ती तिला बरोबर घेऊन आली होती, आणि आई शाल गुंडाळून, फिरत्या खुर्चीवर मांडी घालून, कीर्तनाला बसावं तशी बसली होती. म्हणजे श्रोत्यासारखी. कीर्तनात उभं राहणाऱ्या बाईला श्रोत्यासारखं बसलेलं पाहिलं की सुखदाला लहानपणापासून कसंसंच व्हायचं, देवळातली मूर्ती गाभाऱ्यातून उठून पायरीवर येऊन बसल्यासारखं.

काम तसं सोपं होतं. मिलफर्ड हेरन्स नावाच्या अमेरिकेतल्या एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा अख्खा हंगाम, एकशेबासष्ट सामने, पाऊण तासात बसवायचा. इथल्या आणि आजूबाजूच्या बेटांवरच्या चॅनेलांना असले तयार कार्यक्रम लागायचे आणि तिची कंपनी ते कापून द्यायची. हेरन्स ह्या वर्षी तळाला गेले होते. पण पाऊण तास पाहणाऱ्याला ते कळायचं नाही. एप्रिलमधल्या थंडीत, तोंडातून वाफा निघत असताना मारलेला तो पहिला होमरन. भिंतीवर चढून, अर्धं अंग पलीकडे लोंबकळत असताना मरेरोने घेतलेला झेल. वीस वर्षांच्या पोरसवदा पिचरने आठव्या डावापर्यंत एकालाही फटका मारू दिला नाही ती संध्याकाळ. जुलैत शेवटच्या चेंडूवर जिंकलेला सामना, आणि मग एकमेकांच्या अंगावर पाण्याचे पिंप ओतणारी मोठाली माणसं. हे सगळं एकापुढे एक लावलं की वाटायचं, काय हंगाम झाला! मधले आठवडेच्या आठवडे, हरलेले, पावसात ताडपत्री घालून झाकून ठेवलेले, खांदा धरून बाहेर गेलेले, ते सगळं तिच्या मशिनवर एका बाजूला पडून राहायचं. ग्लेन, तिचा वरिष्ठ, चांगला माणूस होता. हसत म्हणायचा, ‘नोबडी वॉन्ट्स द सॅड बिट्स, सू. कीप इट मूव्हिंग. स्वीट ॲज.’ म्हणजे इकडच्या बोलीत, झकास. आणि सुखदाला ते जमायचं. कुठे कापलं ते दिसू नये असं कापणं हेच तिचं कसब. पहिल्या दिवशी आईने पाहिलं आणि म्हणाली होती, ‘म्हणजे तुझं हे नुसतं आख्यानच आख्यान. पूर्वरंग नाहीच.’ सुखदा हसली होती. पण ते वाक्य कुसळासारखं कुठेतरी अडकून राहिलं होतं.

आशालताबाई तासगावकरांचं, म्हणजे आईचं, कीर्तन म्हणजे पूर्वरंगच. बाकीचे बुवा आख्यान रंगवायचे, लोकांना हसवायचे, रडवायचे, राजे-राण्या उभ्या करायचे. आईचा जीव पूर्वार्धात. नमन झालं, मूळ पद म्हटलं की ती एक पाऊल पुढे यायची आणि त्या पदातला एकेक शब्द हातात घेऊन, तांदूळ निवडावेत तसा निवडत बसायची. त्यात घरचं, दारचं, काल भाजीवालीशी झालेलं बोलणं, सगळं यायचं. मग मध्यंतर. यजमान गळ्यात हार घालणार, बुक्का लावणार, आणि मग आई उपरणं कमरेला गुंडाळून आख्यानाला उभी राहणार. तिच्या डाव्या हाताला तबल्यावर संग्राम. सुखदाचा पाठचा भाऊ. शाळेत असल्यापासून तोच. आई बोलता बोलता कुठे थांबणार, कुठे एकदम सूर उचलणार, हे तिला कळायच्या आधी त्याच्या बोटांना कळायचं. ‘ताई, आईला कीर्तनात गाठायचं म्हणजे बस पकडण्यासारखं आहे,’ तो म्हणायचा, ‘थांबा सांगून थांबत नाही ती.’ मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये तो गेला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आणि तेव्हापासून आई कुठेही उभी राहिली नव्हती. तासगावात नाही, सांगलीत नाही. झांजा फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. इथे सहा महिन्यांसाठी ती आली तेव्हा सुखदाने सामानात त्या पाहिल्या आणि काही न बोलता बॅग बंद केली.

त्याच्या आजारपणाच्या नऊ महिन्यांत आई दर रविवारी फोनवर सांगायची. आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. आज अंगणापर्यंत चालत गेला. आज मिरजेला डायलिसिसला जाताना गाडीत गाणं म्हणत होता. नवीन डॉक्टर फार चांगले आहेत, मराठीच आहेत. सुखदा ते ऐकायची आणि नवऱ्याला, नितीशला सांगायची, ‘सुधारतोय.’ नितीश फार्मासिस्ट. तो औषधांची नावं विचारायचा, आणि नावं ऐकली की गप्प बसायचा. पण त्या गप्प बसण्याकडे लक्ष द्यायचं नाही असं तिने स्वतःशीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. एप्रिल महिन्यात लेकीच्या, श्रुतीच्या शाळेला सुट्टी, ऑफिसातला कामाचा जोर ओसरलेला, तेव्हाचं तिकीट काढलं होतं. मार्चमध्ये फोन आला. ती पोचली तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. अंगण सारवलेलं होतं. खाटेवरची गादी उन्हात टाकलेली होती. आई म्हणाली, ‘झोपेतच गेला गं. त्रास नाही झाला त्याला.’ आणि मग, ‘तू जेवून घे.’ त्यानंतर ह्या विषयावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या. एका स्वयंपाकघरात दोघी वावरायच्या, एकीने चिरलेलं दुसरी फोडणीला टाकायची, पण ते नऊ महिने दोघींच्या मधे एखाद्या बंद खोलीसारखे होते. सुखदाला आत जायचं होतं. आणि आत गेल्यावर आपल्या तोंडून काय बाहेर पडेल ह्याची तिला भीती वाटत होती. मला खरं का नाही सांगितलंस, असं पडेल. आणि एकदा ते पडलं की पुढे काय?

म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या चंद्रहासचा फोन आला तेव्हा आधी तिला बरंच वाटलं होतं. चंद्रहास म्हणजे दिवाळीच्या कार्यक्रमाचा सगळा भार वाहणारा माणूस. एका खांद्यावर फोन, दुसऱ्या खांद्यावर पताकांची माळ. ‘सुखदा, काकू आल्यात म्हणे! कीर्तन करतात ना त्या? अगं, करू या की. हीप्स, ढिगाने लोक येणारेत ह्या वर्षी. फक्त एक आहे हां, रागावू नकोस. वीस मिनिटं. मुलांचं फॅन्सी ड्रेस झालं की काकू, आणि काकू झाल्या की जेवण. केटररला हॉल लवकर मोकळा करून पाहिजे.’ ‘वीस मिनिटांत कीर्तन होत नाही रे चंद्रहास.’ ‘अगं, ते सुरुवातीचं काढून टाक ना. ते तत्त्वज्ञान वगैरे. मुलांना कुठे कळतंय? गोष्ट तेवढी ठेव. तुझं तर कामच आहे कटिंगचं!’ ती हसून ‘हो’ म्हणाली. आई ऐकणारच नाही, नाहीच म्हणेल, असंही मनात होतं. पण रात्रीच्या भांड्यांवर पाणी सोडत आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘कर तू म्हणशील तसं.’ उभी राहणार होती. वर्ष-दीड वर्षाने आई पुन्हा उभी राहणार होती. सुखदाला आनंद झाला, आणि त्याच्याच मागोमाग, अगदी त्याला चिकटून, भीती आली. पूर्वरंगात ती बोलेल. आई घरात बोलत नाही, फोनवर बोलत नाही. ती बोलते ती नारदाच्या गादीवर उभं राहूनच. आणि ह्या वेळी काय बोलेल? मग सुखदाने पूर्वरंग कापला. वेळेसाठी, असं ती चंद्रहासला म्हणाली. असंच ती स्वतःलाही म्हणाली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिने आईकडून आख्यान म्हणवून घेतलं. नदीकाठच्या नावाड्याच्या बायकोचं ते आख्यान आईने स्वतःच रचलेलं. ती बाई रोज संध्याकाळी येणाऱ्या होड्या पाहत बसते, आणि शेवटी देवच नाव वल्हवत येतो. ‘आई, ते वादळाचं वर्णन नको, लांबतं.’ ‘बरं.’ ‘आणि सासूशी भांडण होतं ना, ते?’ ‘ते काढलं तर ती घाटावर का येऊन बसते?’ ‘ते कळतं गं लोकांना.’ ‘कळत असेल. बरं.’ ज्या तऱ्हेने ती मरेरोचं चालत निघून जाणं कापायची त्याच तऱ्हेने तिने आईचं कीर्तन कापलं, आणि कुठे कापलं ते दिसत नव्हतं.

आता, शनिवारच्या त्या रिकाम्या ऑफिसात, आईचा प्रश्न हवेत तसाच होता. सुखदाने टेप मागे नेली. का, ते तिला कळलं नाही. दुसरा सामना लावला, तिसरा लावला. मरेरो पुन्हा दुसऱ्या बेसवर. पुन्हा तिसरा गडी बाद. पुन्हा तो एक श्वास. तिने कधी लक्षच दिलं नव्हतं, पण ह्या माणसाचा अख्खा हंगाम असाच गेला होता. संघात सगळ्यांत जास्त वेळा मधल्या ठाण्यावर पोचायचा तो, आणि त्याला घरी आणणारं मागे कुणी उरायचंच नाही. फलकावर त्याचाही एक रकाना असतो, बेसवर राहिलेले. तो रकाना कधी कुणी दाखवत नाही. ऑगस्टनंतर मरेरो कुठल्याच सामन्यात दिसत नव्हता. दुखापत, की दुसऱ्या संघाला दिला, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि पाऊण तासाच्या कार्यक्रमाला ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्यात तो फक्त भिंतीवर लोंबकळत झेल घ्यायचा. ‘पुन्हा दाखव,’ आई म्हणाली. ‘काय?’ ‘तो उभा राहतो ते.’ सुखदाने दाखवलं. आई पुढे वाकून पाहत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं शालीवर हलत होती, ठेका धरल्यासारखी. बाहेरची ट्रकची पिपाणी थांबली, आणि एकाएकी खोलीत इतकी शांतता झाली की सुखदाला आईचा श्वास ऐकू आला. तिला वाटलं, आत्ता विचारावं. आत्ता, ह्या क्षणी, पाठ फिरवूनच, पडद्याकडे बघत. ‘आई,’ ती म्हणाली. ‘काय गं?’ ‘चहा घेशील? खाली मशीन आहे.’ ‘घेईन की,’ आई म्हणाली.

त्या दिवशी तिने मरेरोचा तो श्वास कार्यक्रमात टाकला. जुलैच्या विजयाच्या आधी, अगदी थोडा. मंगळवारी ग्लेनने तो पाहिला, डोकं खाजवलं. ‘इट्स अ बिट ऑफ अ डाउनर, सू. लूज दॅट?’ तिने काढून टाकला. वाद घातला नाही. पण काढताना, एरवी कधी होत नसे तसं, हात जड झाला, आणि मोटरवेवरून घरी येताना पूर्ण वेळ तिला वाटत राहिलं की गाडीत मागच्या सीटवर काहीतरी राहून गेलं आहे.

दिवाळीचा रविवार लख्ख उजाडला. माउंट रोस्किलच्या त्या हॉलबाहेर पोहुतुकावाच्या झाडाखाली बायका पैठण्या सावरत गाड्यांतून डबे काढत होत्या, पुरुष ‘किया ओरा, काय म्हणताय’ करत एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नितीशला दुकानात ड्यूटी होती. श्रुती आईचं, म्हणजे आजीचं, बोट धरून आली होती आणि आजीच्या नऊवारीकडे बघून सारखी विचारत होती, ‘आजी, हाउ डू यू इव्हन वॉक इन दॅट?’ ‘चालून दाखवते की,’ आजी म्हणाली आणि दोन पावलं नाचल्यासारखी चालली. मिरजेहून आलेली, इथल्या इस्पितळात नर्स असलेली दीप्ती पेटीवर बसणार होती. तबल्याला माणूस मिळाला नव्हता. म्हणून डब्याएवढं ते तबल्याचं यंत्र आणलं होतं, बटण दाबलं की ठेका सुरू. ते आईच्या डाव्या हाताला ठेवलेलं सुखदाने पाहिलं, आणि नजर दुसरीकडे वळवली. आवाजाची व्यवस्था मंडळाने तिच्याकडेच दिलेली. स्टेजच्या बाजूला टेबल, त्यावर माइकचे खटके, आणि आईच्या माइकची ती सरकपट्टी, वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की हळूहळू बंद. फॅन्सी ड्रेस लांबला. एक छोटा शिवाजी रडला. एक केळं बक्षीस घेऊन गेलं. चंद्रहास तिच्या कानाशी आला, ‘वीस हां, प्लीज. तो केटरर माझ्याकडे असा बघतोय जसा मी त्याची पोरगी पळवलीय.’ ‘वीसच,’ सुखदा म्हणाली. ‘बसवलंय मी.’

आई उभी राहिली. फडक्याची गाठ सोडून झांजा हातात घेतल्या. नमन झालं. आवाज थोडा बसका होता, पण पट्टी सुटली नाही. अंगणातली, चैत्रातली, समोर कंदिलांची रांग असलेली आई सुखदाला एकदम दिसली. यंत्र ठकाठक वाजत होतं. आई एका ठिकाणी श्वास घ्यायला थांबली, यंत्र थांबलं नाही. आईने डाव्या बाजूला पाहिलं. सवयीने. तिथे तो डबा होता. आता आख्यान सुरू व्हायचं होतं, ‘नदीच्या काठी एक नावाडी’ ही ओळ यायची होती. सुखदाचे ओठ ती ओळ आधीच म्हणत होते. आई म्हणाली, ‘दीप्ती बाळ, ते बंद कर बरं जरा.’ दीप्तीने गोंधळून सुखदाकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. हॉल शांत झाला. आई एक पाऊल पुढे आली आणि बिनठेक्याने, हळू, आपणच रचलेली एक ओळ म्हणाली:

अर्धी राहिली जी वाट । तीही तुझिया अंगणात ॥

‘मंडळी,’ आई म्हणाली, ‘मी तुमच्या ह्या देशात येऊन एक खेळ पाहिला. माझी लेक त्याचं काम करते. फार गमतीचा खेळ आहे हो. घरातून निघायचं, आणि चार ठाणी फिरून घरीच यायचं. बस्स. मी म्हटलं, ह्याला एवढी माणसं कशाला लागतात? आमच्या तासगावात बाजाराला जाणारी म्हैस हेच करते!’ मागून हशा उठला. खाली बसलेली मुलं सावरून बसली. ‘पण नाही. मधे माणसं अडवायला उभी असतात. आणि एक गंमत सांगू? पोचला तोच मोजायचा. दुसऱ्या ठाण्यावर उभा राहिला आणि डाव संपला, तर तो निघालाच नव्हता असं समजायचं. का? तर घरी नाही पोचला. मी माझ्या लेकीला विचारलं, त्याचं काय? ती म्हणाली, काही नाही. खरं आहे तिचं. खेळाचा नियमच तसा. पण देवाघरचा नियम काय आहे, ते आज आपण पाहू.’ श्रुती जागेवरून अर्धी उठली होती. सुखदाचं बोट आईच्या माइकच्या सरकपट्टीवर गेलं. हे कुठेच बसवलेलं नव्हतं.

मग आईने दृष्टांत घेतला. एक बाई होती, म्हणाली. कुठल्या गावची, नाव काय, विचारू नका. तिची दोन लेकरं. एक घरात खाटेवर, एक सातासमुद्रापलीकडे. बाई काय करायची, खाटेवरच्याचं चांगलं तेवढं वेचायची आणि लांबच्या लेकराला पाठवायची. ह्याने आठवडाभर पाण्याचा घोट मोजून प्यावा, रात्रभर धाप लागून बसून काढावी, एखाद्या दिवशी चिडून ताट भिंतीवर मारावं. आणि रविवारी बाई सांगायची, भाकरी खाल्ली. खाल्ली होती हो, खोटं नव्हतं. पण ती कधी, तर आठवड्यातून एकदा, आणि नंतर उलटली ते कुणी सांगायचं? बाईला वाटायचं, लेकरू लांब आहे, नवखा मुलूख आहे, त्याचा संसार आहे, त्याच्या डोक्याला कशाला घोर? माया होती ती. आईचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला, आणि हॉलमध्ये चुळबुळ थांबली. ‘आणि मंडळी, खाटेवरचा विचारायचा, ताई निघाली का? बाई म्हणायची, निघाली रे. तो शेवटच्या रात्री झोपला नाही. बोटं खाटेच्या दांडीवर वाजत होती त्याची. ठेका धरायचा, समेपाशी यायचा आणि सम सापडायची नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा म्हणाला, आई, ताई कुठपर्यंत आली? बाई म्हणाली, विमानात आहे. एका तोंडाने दोन लेकरांना दोन बाजूंनी फसवलं हो तिने. मायेपोटी. आणि आता ती देवापुढे उभी आहे आणि म्हणते आहे, बाबा रे, हा माझा अर्धा राहिलेला धर्म, ह्याचं काय?’

कुणीतरी नाक ओढलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळ्यांना रुमाल लावला. छान दृष्टांत होता, आणि हॉलमधल्या प्रत्येकाची एक आई तिकडे कुठेतरी फोनपाशी बसलेली होती. चंद्रहास भिंतीच्या कडेने, वाकत वाकत सुखदापर्यंत आला. मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. स्वयंपाकघराच्या दारातून पुऱ्यांचा वास येत होता. ‘अजून आख्यान सुरूच नाही झालं गं,’ तो कुजबुजला, ‘जरा हळूहळू आवाज कमी कर, पेटीचा वाढव, काकूंना कळेल. गोडीत होईल.’ सुखदाचं बोट सरकपट्टीवर होतं. कसं ओढायचं ते तिच्या बोटाला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. कुठे कापलं ते दिसणार नाही असं. लोक टाळ्या वाजवतील, जेवायला उठतील, कीर्तन फार सुंदर झालं म्हणतील. आणि आई ‘बरं’ म्हणेल. तिला एकदम राग आला, इतका की कानशिलं तापली. झोपेत गेला म्हणालीस, त्रास झाला नाही म्हणालीस, जेवून घे म्हणालीस. आणि त्या रागाच्या तळाशी हात घालावा तर तिथे राग नव्हताच. तिथे एक खाट होती आणि दांडीवर वाजणारी बोटं, आणि ती बोटं थांबायच्या आत आपल्याला अजून पुष्कळ ऐकायचं होतं. तिने सरकपट्टीवरचं बोट उचललं. दोन्ही हात मांडीवर घेतले. ‘अगं?’ चंद्रहास म्हणाला. ‘माझा भाऊ आहे तो,’ सुखदा म्हणाली.  मग त्याने आईकडे पाहिलं, खांद्यावरची पताकांची माळ काढून टेबलावर ठेवली आणि तिथेच, तिच्या पायांशी जमिनीवर मांडी घालून बसला.

आख्यान झालंच नाही. आई पुन्हा पुन्हा त्या ओळीवर आली आणि शेवटी, बोलता बोलता, मध्यंतराचा हार घालायला कुणी उठायच्या आतच तिने आरती घेतली. विसाचे किती झाले ते कुणी पाहिलं नाही. पुऱ्या गार झाल्या असणार. आरती झाल्यावर रिवाजाप्रमाणे लहानथोर पाया पडायला रांगेत आले, कारण गादीवर उभं असेपर्यंत ती आशालताबाई नव्हे, नारदच. रांगेच्या शेवटी सुखदा होती. ती वाकली. आईच्या पायांना हॉलच्या फरशीची थंडी होती. आईने बुक्क्याची वाटी घेतली, इतर सगळ्यांना लावला तसाच तिच्या कपाळावर बोट टेकवून लावला, आणि क्षणभर ते बोट तिथेच राहिलं. ‘लांबलं का गं फार?’ आई म्हणाली. सुखदाने नकारार्थी मान हलवली. 

परतताना बंदरावरच्या पुलाखाली पाणी उन्हात चकाकत होतं, आणि शिडाच्या होड्या इतक्या पांढऱ्या दिसत होत्या की त्यांच्याकडे बघवेना. आई शेजारी बसली होती, मांडीवर झांजांचं फडकं, डब्यात बांधून दिलेल्या पुऱ्या. श्रुती मागून म्हणाली, ‘आजी, सो डिड ही गेट होम? द ब्रदर?’ आईने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. हात मागे नेऊन तिचा गुडघा थोपटला. घराकडे वळायची, अल्बनीची पाटी आली. सुखदाने इंडिकेटर लावला नाही. पाटी डोक्यावरून मागे गेली, मग उतरायचा रस्ता, मग पुढची पाटी. ‘मम्मा! यू मिस्ड अवर एक्झिट.’ ‘माहितीये,’ सुखदा म्हणाली. रस्ता पुढे ओरेवाच्या समुद्राकडे सरळ जात होता. दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या. तिने आरसा नीट केला, उगाच, आणि समोर बघत म्हणाली, ‘विमानात आहे म्हणालीस. मग? तो काय म्हणाला?’

 आईची बोटं फडक्यावर हलली, थांबली.

‘तेवढंच सांगू,’ तिने विचारलं, ‘की पहिल्यापासून?’

‘पहिल्यापासून,’ सुखदा म्हणाली. ‘काही गाळू नकोस.’

आईने पदर सावरला, पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली, आणि घसा साफ केला.